चांगुणामावशींचा हात

प्रिय आई,

प्रभूच्या प्रेमात लातूरहून सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

चर्चमध्ये नव्यांचं स्वागत आता माझ्याकडे आहे. रविवारी चांगुणामावशी पहिल्यांदाच आल्या. प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी त्यांनी हात पुढे केला. कपाळावर कुंकू पाहून मी कानात म्हणाले, "बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात."

"हाव बाई, चुकलं माझं," म्हणत त्यांनी हात पदराखाली घेतला.

बिलोलीला लहानपणीच त्यांचा बाप्तिस्मा झालाय. कुंकू सासरच्यांसाठी लावतात. हे नंतर कळलं. तू आधी विचारलं असतंस. मी नव्यांचं छान स्वागत करते म्हणून पाळकांनी कौतुक केलं, तेव्हाही मी त्यांना हे सांगितलं नाही.

आता माफी मागायला त्यांच्याकडे निघालेय. त्यांनी दारच उघडलं नाही तर, आई?

तुझ्या प्रार्थनेच्या आधारावर असलेली,
एस्तेर