नवं नाव घेताना

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फादरांचा फोन! आठ डिसेंबरला, मरियामातेच्या सणाला, सोलापूरच्या चर्चमध्ये माझं वचन. संन्यास नाही – घरीच राहायचं, नोकरी करायची, पण मठाच्या वेळा पाळून प्रार्थना करायची, मठाचं होऊन जगायचं. मठाचे मोठे फादर वर्षातून एकदाच येतात. हा दिवस चुकला की थेट पुढचं वर्ष.

दवाखान्यात एकाच पेशंटचं बीपी दोनदा घेतलं!

२० नोव्हेंबर

पहाटे स्वप्न. मठाचं अंगण, ओली फरशी, मी अनवाणी. निळ्या लुगड्यातली मरिया कुणाची तरी वेणी घालतेय – माझीच की काय? जाग आली तर सासूबाई ज्वारीचं पीठ चाळत होत्या. हिरमुसले. हो, हिरमुसले!

२३ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, सांगितलं. माझा नवरा, योगीराज, वारल्यापासून घरात आम्ही सासूसुनाच. लग्नात मी माझी मरिया आणली, त्यांची येडाई देवी होतीच. एका फळीवर दोघी. आत्या येडाईच्या आराधी – गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी जोगवा, पण राहणं घरातच.

"मंजी माळच घालायची की!" खूश झाल्या. "घाल बाई. म्या न्हाय का घातली?"

मग म्हटलं, वचनाच्या वेळी नवं नाव मिळतं. मी मरिया घेणार.

"नाव बदलतेत?" एवढंच. तव्यावर भाकरी करपली तरी त्यांचं लक्ष नाही.

२९ नोव्हेंबर

सगळं कसं धुक्यातून चालल्यासारखं. संध्याकाळच्या प्रार्थनेत आवाज माझा वाटतच नाही. मधूनच 'मरिया' असं स्वतःला हाक मारून बघते. गोड वाटतं. आत्या मात्र गप्प. रुसल्या असतील. निवळतील.

६ डिसेंबर

घरी आले तर कुलूप! किल्ली शेजारच्या नागूबाईंकडे.

"लेकीकडं गेल्या येरमाळ्याला. तुमाला न्हाय सांगितलं व्हय? म्हनत हुत्या, लग्नात नाव बदललं की पोरगी दुसऱ्या घरची हुती. आता सुनेचं नाव देव बदलतोय. म्या कशाला आडवी येऊ?"

अहो, पण मी जाणार हे कुणी सांगितलं तुम्हाला, आत्या! फोन लावला – बंद. फळीवर मरिया एकटीच. येडाईला घेऊन गेल्यात. लई रडले. घरीच राहीन असं वचन देणार मी, आणि घरात कोण?

७ डिसेंबर

फादर म्हणाले, "अर्पिता, तू ठरव." पांढरी साडी इस्त्री करून ठेवलीय.

८ डिसेंबर

नळदुर्ग स्टँडवर सोलापूरची गाडी समोरच लागली होती. मी तुळजापूरच्या गाडीत चढले, तिथून येरमाळा.

आत्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून ताडकन उठल्या. "आज सण न्हाय का तुजा? आगं, तुजी मरियाआई रागवंल की!"

"तिनंच पाठवलंय," म्हटलं. "पिशवी भरा."