बार्जखाली अडकलेलं यंत्र

प्रिय बेडूकराव,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. तुझ्या बायकोने सकाळी कळवलं की पाणबुड्याचा पोशाख माळ्यावरून खाली आलाय, तू त्याच्या शिवणी तपासतोयस आणि कशाला म्हणून विचारलं की शीळ वाजवतोस. डॉक्टरांनी पुन्हा पाण्याखाली जायचं नाही असं बजावलं, तेव्हा शहाण्यासारखी मान डोलावणारा तूच होतास ना? की तो कोणी दुसरा होता?

तळाशी अडकलेलं यंत्र सोडवून आण म्हणत आमच्या साहेबांनीच तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं असणार. मग पूर्ण गोष्टही ऐक. ते यंत्र दोरीला बांधलेलं नसतं, की ओढलं आणि आलं. पाण्याखाली रेडिओ पोचत नाही, म्हणून सगळा रस्ता आधीच त्याच्या डोक्यात भरावा लागतो. मग ते एकटंच शेत नांगरल्यासारखं जातं, वळतं, परत येतं. आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीवरून तळाचा नकाशा काढतं. गाळ कुठे साचला, केबल कुठे उघडी पडली, धक्क्याची भिंत कुठे खचली, सगळं त्यात कळतं. आपण कुठे आहोत हे ते स्वतःच्या वेगावरून आणि दिशेवरून ताडतं. त्यात चूक साचत जाते, म्हणून मधूनमधून वर येऊन उपग्रहाकडून खात्री करून घेतं. साहेबांच्या मते हे वर येणं म्हणजे वेळेची नासाडी. मी नको नको म्हणत असताना त्यांनी ते मला रस्त्यातून काढायला लावलं. मग काय, सरळ चाललोय अशा समजुतीत यंत्र बाजूला सरकत गेलं आणि बुडालेल्या बार्जच्या, त्या सपाट मालवाहू बोटीच्या, दोरखंडात घुसलं. बिघाड झाला की पोटातलं वजन टाकून वर यायची सोय आहे. त्याने वजन टाकलंही, पण दोर सोडेल तर ना! अजून ते खालून आवाज करतंय. बोटीवर तो ऐकू येतो, आणि सगळे माझ्याकडे असे बघतात की जणू आत माणूसच अडकलाय.

ते यंत्र आल्यापासून तू माझ्याशी आईमार्फत बोलतोस. ताईने माझ्या पोटावर पाय दिला, हे तू सगळ्या धक्क्याला सांगितलंस. मी ऐकून घेतलं. आईसमोर त्या यंत्राला ‘ताईचा लाडका लेक’ म्हणालास, तेही ऐकलं. आणि आता त्याच लेकासाठी जीव धोक्यात घालायला निघालास. तुझ्यापुढे हात टेकले बाबा.

तुला कधी सांगितलं नाही, कारण तू चिडला असतास. ते यंत्र साहेबांनी आणलं नाही, मी मागितलं. तुला शेवटचं वर काढलं त्या दिवशी तू बोटीवर डोळे उघडे ठेवून पडला होतास आणि मला ओळखत नव्हतास. मी तुझं तोंड पुसत होते आणि तू मला ‘बाई, तुम्ही कोण’ म्हणालास. पुढच्याच आठवड्यात मी साहेबांच्या दारात जाऊन बसले. तुझ्याऐवजी खाली असं काहीतरी जावं, जे परत आलं नाही तरी आपल्या घरात कोणी रडणार नाही, एवढंच मला हवं होतं. ते हरवलंय, गाढवा. हरवण्यासाठीच आणलं होतं. तू घरी बस.

तुझीच,
ताई