पोट चिरू नये म्हणून

तोयोसाकी,
१२ ऑक्टोबर १९७८

ती. ताईस,
तोकुजीचा नमस्कार. वि. वि. तुझं पत्र काल पोचलं.

मंगळवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो. उठलो, देव्हाऱ्यापुढे बसून नाम घेतलं, दारातल्या पेटीतून आमचं वर्तमानपत्र काढलं आणि सातवं पान जमिनीवर पसरलं. मी आधी वाचत नाही, बघतो. आमच्या धंद्यात पानाला माणसासारखे अवयव असतात. उजवीकडे वर डोकं, म्हणजे मुख्य बातमी. डावीकडे वर खांदा. मधोमध बेंबी, तिथे एक चौकट. तळाला जाहिराती. सगळं तोलून धरलेलं होतं. चिझूला म्हणालोसुद्धा, की आजचं पान देखणं उतरलंय. बायकोच ती, म्हणाली की मिसोची आमटी निवतेय. मी आमटीभात खाल्ला आणि कामावर गेलो. ताई, त्या पानात भावोजी होते आणि मला काहीच खटकलं नाही.

तू लिहितेस ते खरं आहे. बेंबीतल्या चौकटीत भावोजींची बातमी होती, तीस वर्षं किनाऱ्याच्या वाळूत पाइनची झाडं जगवल्याबद्दल सत्कार. तिच्या डोक्यावर दुसरी बातमी, बंदराच्या बांधाच्या कंत्राटात लाच घेतलेल्या शेजारगावच्या उपनगराध्यक्षाची. त्या बातमीचा मथळा वरून खाली उतरणाऱ्या जाड अक्षरांत, ‘लाच घेतल्याची कबुली’. मथळ्याच्या पायाशी थेट भावोजींचा फोटो, मान खाली घातलेला. चौकटीची वरची रेघच नाही. वरवर चाळणाऱ्याला तो फोटो त्या मथळ्याचा वाटला तर त्याचा काय दोष?

कुठलं पान कोणी लावलं, म्हणजे बातम्यांची मांडणी कोणी केली, हे बाहेर सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. मी वर बोलतो. खुलासा छापून आणायचा प्रयत्न करतो. भावोजींना म्हणावं, थोडी कळ काढा. लोभ असू दे.

तुझ्या मायेतला,
तोकुजी

·

कुरोइवा,
१९ ऑक्टोबर

चि. तोकुजी यास,
अनेक आशीर्वाद. चिझूला आठवण सांग. मुळ्याचं लोणचं मुरत घातलंय, पण ते न्यायला तुलाच यावं लागेल, टपालाने पाठवलं तर डाकवाला मला शिव्या देईल.

इकडची गंमत ऐक. हे न्हाव्याकडे गेले, तर बाकावर बसलेल्या सेइकिचीने हातातलं वर्तमानपत्र घडी करून मांडीखाली दाबलं. न्हावी म्हणाला, शोसाकुसान, आपल्या गावातही बांध होणार म्हणतात, तुमची चहापाण्याची सोय झाली वाटतं. सगळे हसले. हेही हसले, आणि एकाच बाजूचे केस कापून झालेले असताना उठून घरी आले. दुसरी बाजू मी कापली. आता दोन्ही बाजू वाईट दिसतात.

मच्छीमार संस्थेच्या फळ्यावर ते पान अजून लटकतंय. कोणीतरी यांच्या कौतुकापोटीच लावलं होतं. मी त्या उमेबाईला फळ्यापुढे उभं करून अख्खी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. ती काय म्हणाली असेल? म्हणाली, अहो, बातमी वाचतंय कोण, फोटो तर तुमच्याच नवऱ्याचा आहे ना!

तुमच्या त्या पान लावणाऱ्याला माझा निरोप दे. कालपरवा लागलेलं कोणी शेंबडं पोर असणार. आईने डोळे काय नुसता भात शिजला का ते बघायला दिलेत, असं विचार त्याला. तू इतका जुना माणूस, त्याचा कान धर. आणि खुलासा कधी छापताय ते कळव. चांगला मोठा छापा, उमेबाईलाही दिसेल असा. लोभ असू दे.

तुझी,
इसोए

·

तोयोसाकी,
१ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार. वि. वि. उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही हाती लागत नव्हतं.

आमचे प्रमुख हिराइवासाहेब यांना मी तीनदा भेटलो. पहिल्यांदा त्यांनी पान मागवलं, भिंग लावून पाहिलं. म्हणाले, नाव बरोबर, वय बरोबर, एक अक्षर चुकलेलं नाही, मग दुरुस्ती कशाची छापू? अक्षर चुकलं तर आमच्याकडे तळाशी दोन ओळी येतात. मांडणी चुकली हे सांगायला जागाच ठेवलेली नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, रेघ नसल्याची माफी एकदा मागितली की उद्यापासून दाराशी रांग लागेल. तिसऱ्यांदा त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं. वसंतात छपाईचे शिशाचे खिळे जाऊन पान जुळवणारं यंत्र येणार आहे. पान लावणारे आम्ही अकरा, खुर्च्या चार. डिसेंबरात यादी लागेल. तोवर हा विषय कोणी काढू नये, एवढंच बोलले आणि माझ्या मुलीच्या परिचारिकेच्या शिक्षणाची चौकशी केली.

ज्याने ते पान लावलं तो पोरगा नाही, ताई. आयुष्य त्यातच गेलेला माणूस आहे. त्याचं काय झालं ते सांगतो. पान बसवून झालं होतं. संध्याकाळी जाहिरात ठरल्यापेक्षा उंच आली, म्हणून सगळं वर सरकवावं लागलं. सरकवल्यावर चौकटीची वरची रेघ शेजारच्या दोन्ही बातम्यांच्या रेघांना जाऊन मिळाली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच सरळ रेघ झाली. याला आम्ही पोट चिरणं म्हणतो. नवीन असताना असं झालं की वरिष्ठ हातावर पट्टी मारायचे. चिरलेलं पान बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे हाडात भिनलेलं असतं. त्याने मधली रेघ काढायला सांगितली. फोटोत खाली पाइनचं रोप होतं, भावोजी त्याच्याकडेच बघत होते. जागा पुरेना म्हणून रोप छाटलं. मग अक्षरं तपासली. पोट शाबूत राहिलं याचाच त्याला आनंद होता.

मध्यंतरी वाटलं, शेवटच्या क्षणी पानात खुलाशाच्या दहा ओळी घुसवाव्यात. पण आम्ही खिळ्यांना हात लावत नाही, ते जुळवायचं काम जुळाऱ्याचं. आमच्या जुळाऱ्याला, ओकिताला, नुसतं सुचवलं. तो म्हणाला, तुम्ही सांगा, मी बसवतो, पण मग यंत्र येईपर्यंत वाट बघायला नको, दोघंही त्याच दिवशी घरी. त्याला तीन मुलं आहेत. मी विषय सोडला. जिथे वळावं तिथे कोणीतरी उभं असतं. सकाळी नाम घ्यायला बसतो आणि न घेताच उठून कामावर जातो.

भावोजींना काय सांगावं, तूच ठरव. लोभ असू दे.

तोकुजी

·

कुरोइवा,
८ नोव्हेंबर

चि. तोकुजी यास,
आशीर्वाद. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं.

काल मंदिराचे तिघे मानकरी आले. पहिल्या कपाला हवेबद्दल बोलले, दुसऱ्या कपाला मासळीबद्दल. तिसऱ्या कपाला म्हणाले, यंदा आपल्या पंथगुरूंच्या पुण्यतिथीला शोसाकुसानना पुढे बसायचा त्रास नको, खोकला असतो ना त्यांना. यांना खोकला कधी झाला होता, मला आठवत नाही. बावीस वर्षं स्तोत्राची पहिली ओळ हे उचलतात आणि मागे सगळं गाव म्हणतं. मी म्हटलं, खोकला तुम्हालाच झालेला दिसतोय, काहीतरी घशात अडकल्यासारखं बोलताय. हे मला म्हणाले, बिस्किटं आण.

पाइनकडे हे जातच नाहीत. परवाच्या वाऱ्याने कितीतरी रोपांच्या काठ्या सुटल्या. मी एकटी बांधायला गेले तर माझ्याने गाठ बसेना. घरी येऊन बोलले, तर म्हणाले, ज्याला हवीत तो बांधेल. तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून असलं वाक्य ऐकलं नव्हतं, तोकुजी.

त्या तुमच्या माणसाबद्दल तू फार कळवळून लिहिलंस. मला त्याची कीव येत नाही. पोट पानाचं वाचवलं, चिरलं कोणाचं? इतकी वर्षं काम केलेल्याला एवढंही कळू नये? पुण्यतिथीचा उत्सव अठ्ठावीसला आहे. त्याआधी काही होणार असेल तर कर, नाहीतर राहू दे. तुला आणखी लिहू नको असं हे म्हणतात. का, ते सांगत नाहीत.

इसोए

·

कुरोइवा,
१० नोव्हेंबर

चि. तोकुजी,
आशीर्वाद. इसोए मासळी वाळवायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. मला पत्र लिहायची सवय नाही.

ते पान तू लावलंस हे मला पहिल्या पत्रापासून माहीत आहे. दुसऱ्याच्या हातच्या पानाला तू आजवर कधी देखणं म्हटलेलं नाहीस. आमच्याकडे जेवायला बसलास की जे वर्तमानपत्र दिसेल त्याला नावं ठेवतोस, आणि इसोए म्हणते, गप गिळ. मी हे तिला सांगितलेलं नाही. तिला अजून तो शेंबडा पोरगाच दिसतो.

राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. दहाबारा दिवस होता. आता एवढंच वाटतं की तू गप्प राहावंस. मंदिरातली माझी जागा गेली तर गेली, मी मागे बसूनही म्हणू शकतो. तू बोललास तर तुझी नोकरी जाईल आणि इसोएचा भाऊ जाईल. तिला भाऊ एकच आहे, आणि ती सहजासहजी माफ करणाऱ्यातली नाही, हे तुला मी सांगायला नको. हे पत्र जाळ.

शोसाकु

·

तोयोसाकी,
२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार. वि. वि.

आज तू मंदिरामागच्या स्वयंपाकघरात बायकांबरोबर लाल चवळी शिजवत होतीस, तेव्हा मी पुढच्या दाराने आत आलो होतो. तुला कळू दिलं नाही. पहिल्या बसने निघालो होतो. निघण्याआधी कामावर जाऊन हिराइवासाहेबांच्या टेबलावर एक कागद ठेवला. मी काय करायला चाललोय ते त्यात लिहिलं आहे, ते त्यांना आधी गावाकडून कळू नये म्हणून.

भावोजींनी मला गप्प राहायला सांगितलं होतं. त्यांचं पत्र मी जाळलं नाही, सोळा-सतरा दिवस खिशात घेऊन हिंडलो. त्यांनी मला माफ करून सोडून दिलं होतं. राग धरला असता तर मी कदाचित गप्प बसलो असतो.

ते शेवटच्या रांगेत खांबाआड बसले होते. त्यांची पुढची जागा रिकामी होती. गुरुजींनी पूजा आटोपली, तेव्हा मी परवानगी मागून उभा राहिलो आणि सातवं पान उलगडून धरलं. पानाचं पोट कसं असतं, ते चिरू नये म्हणून मी कुठली रेघ काढायला लावली, फोटोतलं रोप का छाटलं, सगळं सांगितलं. भावोजींची मान रोपासाठी खाली होती, हे दोनदा सांगितलं. न्हावी म्हणाला, एवढं साधं होतं तर वर्तमानपत्रात का नाही आलं? मी म्हणालो, मला नोकरीची भीती होती. उमेबाई म्हणाली, मग आता गेली का भीती? मी म्हणालो, नाही. तेव्हा कोणी हसलं नाही.

थोरल्या मानकऱ्यांनी मागे वळून भावोजींना पुढे या म्हटलं. ते उठेनात. शेवटी सेइकिचीने त्यांच्या काखेत हात घालून उठवलं आणि ढकलत पुढे नेऊन बसवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्तोत्राची पहिली ओळ त्यांनी उचलली. आवाज दोनदा फुटला. ते तुला आतून ऐकू आलं असेल आणि तू पळी टाकून बाहेर आली असशील. तोवर मी बसथांब्यावर होतो.

थांबलो असतो तर तुझ्यासमोर उभं राहून सांगावं लागलं असतं. सगळ्या गावासमोर जमलं, तेवढं एक जमलं नाही. आतापर्यंत तुला दहा जणांनी सांगितलं असेल. तरी माझ्या हाताने लिहून देतो, कारण दोन पत्रं मी तुझ्याशी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसा बोललो. सातवं पान मी लावलं, ताई. तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावरची रेघ मी काढायला लावली, आणि सकाळी ते पान बघून मी खूश झालो.

लोभ असू दे असं पत्राच्या शेवटी लिहायची आपली रीत. आज ते लिहायचं मी तुझ्यावर सोडतो.

तोकुजी