गेटवरचा माणूस

२० एप्रिल, रविवार
दिपालीने ओढून सिनेमाला नेलं. हॉलिवूडचा युद्धपट, हिंदीत. "पप्पा, तुमचंच युद्ध आहे ना, चला." कॉलेजात सगळ्यांना सांगून बसलीय, माझे पप्पा इराकमध्ये होते. होतो की. छावणीच्या लॉन्ड्रीत, गोऱ्या सैनिकांचे कपडे धूत. एवढं ती सांगत नसावी.

पडद्यावर सगळं पिवळं. जमीन पिवळी, आभाळही पिवळं. खजुराच्या बागा कुठे गेल्या? हिवाळ्यातला चिखल कुठे गेला, तीन तीन धुण्यांत न निघणारा? हिरोला एकदाही वाट बघत बसावं लागत नाही, आमचे तर दिवसच्या दिवस त्यात जायचे. गोळी लागते आणि पुढच्या सीनला शर्ट कोरा.

मध्यंतरानंतर छावणीचं गेट आलं. एक गावकरी गाठोडं घेऊन चालत येतो. सैनिक ओरडतात, तो थांबत नाही. हिरो गोळी घालतो. गाठोड्यात बॉम्ब निघतो. थिएटरात टाळ्या, शिट्ट्या. दि.नेही वाजवल्या.

बाहेर आल्यावर विचारलं, "असंच होतं ना, पप्पा?"
म्हटलं, हो. असंच.

२१ एप्रिल
सचिन गावातल्या आमच्या कापड रंगाईच्या मिलमध्ये नवीन पोऱ्या लाल डागावर गरम पाणी सोडत होता. मी खेकसलो, रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, डाग बसतो. मास्टर हसला. "काका, यहाँ खून कहाँ से आया? रंग है." खरंच की.

२३ एप्रिल
दि. मोबाइलवर त्या सिनेमात काम केलेल्यांची नावं वाचत होती. "बघा पप्पा, कुत्रा शिकवणाऱ्याचंसुद्धा नाव आहे." मी विचारलं, आणि तो गेटवरचा? त्याचं नाव काय दाखवलंय? तिने खाली खाली नेलं. "गेटवरचा माणूस. बस, एवढंच." जेवलो नाही. सौ.ला सांगितलं, पोट बिघडलंय.

२५ एप्रिल
आता लिहूनच टाकतो. वीस वर्षं झाली.

अबू हसन तिथलाच शिंपी. सैनिकांच्या छातीवर नावाच्या पट्ट्या शिवायचा. आमच्या तंबूत त्याचं मशीन. मला खजूर आणायचा, मी त्याला खिचडी द्यायचो, तो तोंड वाकडं करून संपवायचा. ना त्याला हिंदी, ना मला अरबी, तरी जमायचं. काम जास्त झालं की गणवेश घरी न्यायचा, बायको हातशिलाई करायची.

त्या दिवशी पहाटेच आला. मीच आदल्या दिवशी खुणा करून सांगितलं होतं, लवकर आण. गेटवर सैनिक पोरं नवीन, आदल्याच दिवशी आलेली. इंग्रजीत ओरडली. त्याने गाठोडं वर करून दाखवलं. मी चाळीस पावलांवर होतो. मला माहीत होतं त्यात काय आहे. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. गोळ्या सुटल्या.

चौकशीला साहेब आला. आमच्या सुपरवायझरने आधीच बजावलं होतं, घरी परत जायचंय ना, मग तुला काही दिसलं नाही. साहेबाने विचारलं, त्याच्या हातात काय होतं? मी म्हटलं, नो सी, सर.

मग ते गाठोडं धुवायला माझ्याकडेच आलं. आठ गणवेश. आठही नावं नीट शिवलेली. थंड पाण्यात...

२८ एप्रिल
यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, गावी जाणं नाही. पितरांच्या घागरी इथल्याच भेस्तानच्या बाजारातून आणल्या. आईची एक, आबांची एक. तिसरीही घेतली. का, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

३० एप्रिल, आखाजी
घागरी भरल्या, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. सौ.ने तिसरीकडे बोट दाखवलं. "हाई कोनी घागर शे?"

ज्याची घागर, त्याचं नाव घेऊन पाणी द्यायचं. आईचं घेतलं, आबांचं घेतलं. तिसऱ्याला अडलो. अबू हसन म्हणजे हसनचा बाप. मला सौ. 'दिपालीचे पप्पा' म्हणते, तसंच. त्याचं स्वतःचं नाव मी कधी विचारलंच नाही. चौदा महिने शेजारी बसून. तिथेच रडू फुटलं आणि सगळं सांगितलं दोघींना.

सौ.ने पदर डोळ्याला लावला. दि. भिंतीला टेकून उभी.
"गाठोड्यात कपडेच होते?"
"कपडेच."
"आणि तुम्ही साहेबाला सांगितलं, दिसलं नाही?"
"हो."
"आणि मला सांगितलं, असंच होतं."
आत गेली.

सौ. म्हणाली, नाव नसेल तर हसनचा बाप म्हणून द्या पाणी. दिलं.

२ मे
दि. बोलत नाही. ताट वाढते, पाणी देते, बोलत नाही. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा गुजरातीत म्हणताना ऐकलं, "ना यार, ए मूवी बकवास छे."

४ मे, रविवार
सकाळी चहाला एकदाच विचारलं, "हसन केवढा होता?"
म्हटलं, फोटो दाखवायचा त्यात चार-पाच वर्षांचा असेल.
"म्हणजे आता माझ्याहून मोठा." तिने मनाशी हिशेब केला असावा. "त्याला कुणी सांगितलं असेल, गाठोड्यात काय होतं ते?"


आई-आबांच्या घागरींतलं पाणी आम्ही पितो. तिसरीला कुणी हात लावत नव्हतं. आज दि.ने ती धुतली, ताजं पाणी भरलं, परत जागेवर ठेवली. माझ्याकडे न बघता.