टाच आतूनच का झिजते

प्रिय चिंगे,

पत्र बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ताईला फोन करायला काय धाड भरली होती? पण फोनवर मी नेमकं बोलायचं ते सोडून भलतंच बोलत बसते, तुला ठाऊक आहे.

लाँड्रीत माझं बरं चाललंय. आठ तास इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहते आणि संध्याकाळी दोन जिने कठडा न धरता चढते. जानेवारीत मात्र गुडघ्यांनी इतकी हैराण झाले होते की राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. वय झालं, असं मीच ठरवून टाकलं होतं. तेव्हाच टाचा बदलायला म्हणून बूट तुझ्या दुकानात पाठवले, तर तू ते तसेच परत केलेस. वर चिठ्ठी: दोन्ही टाचा आतल्या बाजूनेच झिजल्यात, तेही चौथ्यांदा, बूट नको, पाय दाखव कुणाला तरी. माझा पारा चढला. बूट शिवणारीने डॉक्टरकी शिकवू नये, असं काहीबाही मी फोनवर बोलले.

मग तुला खोटं पाडायलाच फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी ओल्या पायांनी कागदावर उभं केलं. अख्खा तळवा उमटला, कमानीचा पत्ताच नाही. मग आरशासमोर एका पायावर जरा वाकायला लावलं. पाऊल आत कललं, त्याच्यामागे नडगी वळली आणि गुडघा निघाला दुसऱ्या गुडघ्याला भेटायला. सपाट तळव्यांचा सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, म्हणाल्या, पण तुमचा गुडघा पावलामागे फरपटतोय. बुटात आधार घातला, मांडीचे अन् पोटरीचे व्यायाम दिले. तीन महिने कुरकुरत केले. राजीनामा गेल्या आठवड्यात फाडला.

आता खरं सांगते. झीज कुणाच्या लक्षात आली, असं बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, तर मी बेधडक म्हणाले, माझ्याच. तेव्हापासून त्या सगळ्यांना माझं कौतुक सांगतात आणि मी मान डोलावते. काल त्यांनी मला शिकाऊ मुलींसमोर उभं केलं, कसं ओळखलंत सांगा म्हणाल्या. त्या पोरींसमोर खोटं रेटवेना. मग सांगून टाकलं, मी नाही, माझ्या धाकट्या बहिणीने ओळखलं, आणि मी तिलाच घालूनपाडून बोलले. तुझ्या दुकानाचा पत्ता फळ्यावर लिहून आले. परवा त्या मुली तुझ्याकडे शिकायला येतील. माझी नोकरी तुझ्यामुळे राहिली, चिंगे. हे त्यांना कळलं, आणि तुला सांगायचंच राहिलं होतं.

तुझीच, तोंडाळ
ताई