चौथ्या महिन्याचा रिपोर्ट

ता. ३ ऑगस्ट

चि. चिमणीस अ. उ. आ.

तुझा रिपोर्ट आला. वजन जिथल्या तिथे, पण रक्तातला सुजेचा आकडा निम्म्यावर. जाड माणसांच्या अंगात आतल्या आत धुमसणारी सूज माशाच्या तेलाने उतरते का, हेच आमच्या डॉक्टरांना पाहायचं होतं. प्रयोगातल्या बाकी कोणाचाच आकडा इतका हललेला नाही. तुझा कागद घेऊन ते दवाखानाभर फिरले. दहा तारखेला वरिष्ठांपुढे मांडणार आहेत. मी म्हटलं, शिलाई मशीनवर बसून फुगलेली माझी बहीण शेवटी कामी आली. कॅप्सूलची रिकामी पाकिटं मीच मोजते. तुझी दरवेळी चोख.

लोभ आहेच, वजनाइतकाच वाढू दे.

तुझी ताई

ता. ६ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. मी एकही कॅप्सूल गिळलेली नाही. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी पाकीट पाहिलं. म्हणाल्या, तुला काय धाड भरलीय, बोटं माझी आखडलीत. एक दिली. आता रोज चहाआधी हात पुढे येतो. बोटं सैल झाली म्हणतात, आता थांबवू कशी?

माझा आकडा उतरला तो दाढेमुळे असेल. पहिलं रक्त घेतलं तेव्हा दाढ पिकून गाल सुजला होता, नंतर ती काढली. तेव्हा बोलले असते तर तुम्ही मला घेतलंच नसतं. आणि मला यायचं होतं गं. महिन्यातून एकदा कोणीतरी न हसता माझं वजन करायचं.

आता बोलले तर तू अडकतेस. गप्प बसले तर माझ्या दाढेच्या भरवशावर लोक तेल पीत बसतील. इकडे आड, तिकडे विहीर.

रागाव, पण तोडू नकोस.

चिमणी

ता. ९ ऑगस्ट

चि. चिमणीस अ. उ. आ.

रागवायला मला तोंड नाही. दर महिन्याची पहिली कॅप्सूल माझ्यासमोर गिळवून सही करायची असते. चार सह्या केल्या, एकदाही पाहिलं नाही. बहिणीवर कसला पहारा?

आज डॉक्टरांना सगळं सांगितलं, दाढ आणि सह्याही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग तुझं नाव खोडलं आणि कॅप्सूलच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. चौकशी होईपर्यंत रजाही नाही. रोज येऊन त्याच कपाटासमोर बसायचं. सगळे फार सभ्यपणे वागतात.

कॅप्सूल आजपासून बंद. सासूबाईंना तू सांग, आणि सोमवारी घेऊन ये. बोटांचे डॉक्टर वेगळे आहेत.

माया कमी झालेली नाही, एवढं धरून चाल.

ताई

ता. १२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

सांगायला म्हणून तीनदा त्यांच्या खोलीत गेले. तिसऱ्यांदा त्यांनीच मूठ मिटून दाखवली. चार महिन्यांत पहिल्यांदाच पूर्ण मिटली, म्हणाल्या. ते त्या तेलाने झालं की नाही, मला काय कळणार?

सोमवारी येतोय. त्या आनंदाने तयार झाल्या, कारण मी सांगितलंय की नवीन पाकीट आणायला जायचंय.

सांभाळून घे, मलाही आणि त्यांनाही.

चिमणी