अकरा पायऱ्यांच्या दांडीची हमी

आदरणीय वडीलबंधू अबू घालिब यांना,

धाकट्या मुफ्लिहचा सलाम. अल्लाह तुमच्यावर, वहिनींवर आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांवर मेहेरबान राहो. वहिनींचा रक्तदाब, घालिबची परीक्षा, गॅलरीतलं लिंबाचं झाड, सगळ्यांची खुशाली कळवा. आईच्या हाताचं माझ्या वतीने चुंबन घ्या, आणि घेताना माझं नाव सांगा. मागच्या वेळी नाव न सांगता दोन्ही चुंबनं तुमचीच आहेत असं तुम्ही तिला वाटू दिलंत, असं कानावर आलं आहे. मी राग धरलेला नाही. फक्त कळवून ठेवतो.

पत्र कशाला, फोन काय झाला, असं तुम्ही म्हणाल. भाऊ, फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हे मिनीबसवाल्या हाझिमच्या हाती अम्मानला धाडतो आहे.

तुमची अट माझ्या पक्की लक्षात आहे. आईला रमजानसाठी गावी पाठवीन, पण घराच्या अकरा पायऱ्यांना धरायला दांडी असेल तरच. आणि दांडी अशी की तिला बैल बांधला तरी हलू नये. अट योग्यच आहे. आईने दोन रमजान आपल्या अंगणात रोजा सोडलेला नाही, आणि दर आठवड्याला ती मला फोनवर विचारते की बदामाला फुलं आली का. यंदा फुलं आली आहेत. अडलं होतं ते दांडीपाशी.

अबू जर्यिस लोहाराने पाइप कापून दिला, चार पट्ट्या करून दिल्या आणि बायकोला घेऊन लेकीकडे अकाबाला निघून गेला. जाताना म्हणाला, "भिंतीत आठ भोकं पाड आणि बसव, त्यात काय आहे!" (ज्याला यायचं नसतं त्याला प्रत्येक काम सोपं दिसतं.) म्हणून मी तेलाच्या घाण्यावरून एक दिवस सुटी घेतली आणि इर्बिदला 'फरज' नावाच्या स्वस्त अवजारांच्या दुकानात गेलो. निघताना नव्वाफची आई, आमची उम्म नव्वाफ, म्हणाली, "भोक पाडायचं एकच यंत्र आणायला चालला आहात. एकच. हे बोटाला दोरा बांधून लक्षात ठेवा."

भाऊ, त्या दुकानात बोट शाबूत राहतं, दोरा राहत नाही. पक्कडी गुच्छागुच्छाने टांगलेल्या, पाने आकारानुसार भावंडांसारखे रांगेत, आणि प्रत्येक वस्तू इतकी स्वस्त की न घेणं हेच उधळेपणाचं वाटावं. मी टाइल कापायची कात्री घेतली (आपल्या घरात टाइल नाही, पण उद्याचं कोणी पाहिलंय). मग सपाटी तपासायच्या पाणसळींपाशी आलो. तीन पाणसळी एकाच फळीवर शेजारी ठेवल्या, तर तीन बुडबुडे, तीन मतं. आपल्या जमिनीच्या वाटणीची बैठकच जणू. शेजारी चुन्याने माखलेल्या विजारीतला एक गवंडी उभा होता. तो हसून म्हणाला, "काका, नुसतं बघून काय कळणार? टोकं बदलून ठेवा. उलटी केल्यावरही बुडबुडा त्याच जागी थांबला तर ती खरी. बाजू बदलली की मत बदलते ती परत टांगा." नववी पाणसळ खरी निघाली. ती शेजारच्या खोटीच्याच किमतीला मिळाली. स्वस्त दुकानात खरा माल असतो भाऊ, फक्त तो स्वतःहून बोलत नाही. या एका गोष्टीवर मी परतीच्या वाटेत बराच विचार केला, आणि काही नातेवाईक मनातल्या मनात उलटे करून पाहिले. (तुम्ही खरे निघालात.)

आता ड्रिलचं सांगतो. नारिंगी रंग, हातात घ्यावं तर पावासारखं हलकं. मालक हाजी दिर्घाम गल्ल्यावर बसले होते. मी विचारलं, "हाजी, याची हमी किती दिवसांची?" त्यांनी तर्जनी आभाळाकडे केली आणि म्हणाले, "हमीदार अल्लाह!" माझ्या मागे रांगेत पाच जण होते, ते एका सुरात म्हणाले, "त्याच्याहून मोठा हमीदार कोण!" आता तुम्हीच सांगा, यानंतर कागद कसा मागायचा? मागितला तर अर्थ एवढाच की मुफ्लिहला वरच्याची हमी कमी पडते. मीही म्हणालो, "कोण!" आणि यंत्र घेऊन घरी आलो.

पहिलं भोक नखभर खोल गेलं. मग भिंत होती तशीच राहिली आणि ड्रिल धुरावलं. आतून उम्म नव्वाफ ओरडली, "अहो, मी अजून चूल पेटवली नाही, मग करपलं काय?" तिने बाहेर येऊन पाहिलं, टाइलची कात्रीही पाहिली आणि म्हणाली, "ही घेतलीत ते बरं केलंत. आता हिने पायऱ्या कापा आणि आईला खालीच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा इर्बिद. हमीदार अल्लाह असताना दुकानदाराकडे दाद कशी मागावी, याचा विचार करत मी दुकानात उभा राहिलो, तोवर दुपारची अजान झाली. रंगाच्या डब्यांमागे पुठ्ठे अंथरले गेले, सगळ्यांची जमातीने एकत्र नमाज झाली. नंतरची सुन्नत नमाज ज्याची त्याने पढायची. समोरून गिऱ्हाइकं येत-जात होती, आणि अशा वेळी नमाज पढणाऱ्याने पुढ्यात काही आडोसा ठेवावा हे तुम्ही जाणताच. माझ्याजवळ ठेवण्यासारखं दुसरं काय होतं? मी ते जळकं ड्रिल पुढ्यात उभं केलं. मनात कपट नव्हतं. (म्हणजे सुरुवातीला नव्हतं.) नमाज संपवून सलाम फेरताना मान उजवीकडे वळवली तर हाजी दिर्घाम माझ्याकडे बघत होते.

"अबू नव्वाफ, हे काय? माझी तक्रार थेट वर नेलीत?"

"हाजी, मी फक्त आडोसा ठेवला."

"आडोशाला जळका वास येतोय!" ते जवळ बसले, आवाज खाली आला. "भिंत कसली आहे?"

"दगडाची. आजोबांनी बांधलेली."

"अरे देवा! मग बोलला का नाहीत? हे लाकडाला भोक पाडायचं यंत्र आहे, माणसा!"

"तुम्ही बोट वर केलंत. मग भिंतीचं कसं बोलणार?"

ते हसले नाहीत. उठले, अगदी खालच्या खणातून तेलकट कागदात गुंडाळलेली एक छिन्नी काढली. जाड पोलाद, टोकाला चार धारा. "एक ठोका, थोडी फिरवायची, पुन्हा ठोका. माझ्या बापाने भरलेला माल आहे. कोणी विचारत नाही, कारण हिला बटण नाही." ड्रिल त्यांनी परत घेतलं, छिन्नी आणि एक चांगली वजनदार हातोडी दिली, आणि या वेळी बोट स्वतःच्या छातीवर ठेवून म्हणाले, "हिचा हमीदार मी."

भाऊ, आठ भोकांना चार दिवस लागले. घाण्यावरून आल्यावर, असरच्या नमाजनंतर, एक ठोका आणि एक नाम, एक ठोका आणि एक नाम. त्या दिवसांत जपमाळेला हात लावावा लागला नाही. दगड धुळीधुळीने वाट देत गेला, आणि छिन्नीची धार अजून पहिल्यासारखी आहे. पट्ट्या पाणसळीने तपासून दांडी पायऱ्यांच्या उताराला समांतर बसवली. बैल मिळाला नाही, म्हणून शेजारचा अबू उक्ला (त्याचं वजन तुम्हाला माहीत आहे, त्याच्या गाढवालाही माहीत आहे) दोन्ही पाय उचलून लोंबकळला. दांडी हलली नाही. त्याची विजार हलली, तेव्हा आम्ही बदामाकडे पाहिलं.

तेव्हा येत्या गुरुवारी आईला घेऊन या. उम्म नव्वाफ मटण-भाताचा मन्सफ करणार आहे.

तुमचा धाकटा,
मुफ्लिह

ता. क. : धुराचं आईला सांगू नका. टाइलची कात्री तुम्हाला हवी असल्यास कळवा, तुमच्याकडे टाइल आहेत.

दुसरा ता. क. : उम्म नव्वाफ म्हणते की पत्रात सगळं लिहिलंत आणि एक गोष्ट गाळलीत, म्हणून लिहितो. भिंत एकाच बाजूला आहे, त्यामुळे दांडीही एकाच बाजूला आहे. चढताना ती उजव्या हाताला येते. आईचा डावा हात आजारपणापासून पकड धरत नाही; म्हणजे ती निर्धास्त वर येईल, पण उतरताना दांडी नेमकी डाव्या हाताला येईल. मोकळ्या बाजूला कठडा उभारायला अबू जर्यिसच लागेल, आणि अकाबाहून तो कधी परततो हे त्यालाही ठाऊक नाही. हे पहिल्या भोकाच्या वेळीच माझ्या लक्षात आलं होतं. अल्लाह मला क्षमा करो, मी मुकाट्याने उरलेली सात पाडली. तेव्हा ईदनंतर तिला न्यायला येण्याची घाई करू नका, आणि तिच्या पेटीत उन्हाळ्याचे कपडेही भरा.